एकाच पाणबुडीतून निघाले दोन नौदलप्रमुख! ‘करंज’ची गोष्ट आणि पाणबुडी अधिकाऱ्याची वर जाण्याची वाट

उरण : तारीख १० मार्च २०२१. मुंबईच्या नौदल गोदीत नवी पाणबुडी ‘आयएनएस करंज’ नौदलात दाखल होत होती. अशा कार्यक्रमाला मंत्री, बडे अधिकारी येतात, हे नेहमीचंच. त्या दिवशी मात्र प्रमुख पाहुणे म्हणून निवृत्त ॲडमिरल विजयसिंह शेखावत आले होते. कारणही तसंच होतं. याच नावाची जुनी ‘करंज’ १९६९ मध्ये नौदलात आली, तेव्हा तिच्या पहिल्या ताफ्यात ते तरुण अधिकारी होते. १९७१ च्या युद्धात तिचे कमांडर होते. आणि १९९३ मध्ये ते थेट भारताचे नौदलप्रमुख झाले. पाणबुडी शाखेतून त्या खुर्चीपर्यंत पोहोचलेले ते पहिले अधिकारी.

पाणबुडीतला एक अधिकारी सगळ्या नौदलाचा प्रमुख कसा होतो? मधे किती पायऱ्या असतात? गावातल्या पोराला किंवा पोरीला नौदलाची वाट धरायची असेल तर सुरुवात कुठून करायची? ‘करंज’च्या निमित्ताने हे सगळं सोप्या भाषेत समजून घेऊ.

नाव आपल्या करंजाचं

आधी नावाचं. ‘करंज’ हे नाव रायगड जिल्ह्यातल्या उरणजवळच्या करंजा बेटावरून आलं आहे. तिची बहीण ‘खांदेरी’ हिचं नाव अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रात उभ्या असलेल्या खांदेरी किल्ल्याचं. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांच्या उरात धडकी भरली, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

जुन्या पाणबुड्या सोव्हिएत रशियाकडून आल्या होत्या. १९६५ मध्ये करार झाला आणि चार पाणबुड्या मिळाल्या : कलवरी (१९६७), खांदेरी (१९६८), करंज आणि कुरसुरा (दोन्ही १९६९). पहिली ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी दाखल झाली, म्हणून ८ डिसेंबर हा आपल्याकडे पाणबुडी दिवस मानतात. जुनी ‘करंज’ ४ सप्टेंबर १९६९ रोजी रीगा बंदरात भारताच्या ताब्यात आली आणि ३४ वर्षं सेवा करून २००३ मध्ये निवृत्त झाली. नवी ‘करंज’ मात्र आपल्याच मुंबईत, माझगाव डॉकमध्ये बांधलेली आहे.

पहिला कॅप्टन सामंत

जुन्या ‘करंज’चे पहिले कमांडिंग ऑफिसर होते कमांडर मोहन नारायण राव सामंत. पुढे १९७१ मध्ये त्यांच्याकडे फार वेगळी कामगिरी आली. बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीच्या पोरांना पाण्याखालून जाऊन शत्रूची जहाजं उडवायचं प्रशिक्षण देणं आणि त्या मोहिमा आखणं. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्याच नेतृत्वाखाली ‘पद्मा’, ‘पलाश’ आणि ‘आयएनएस पनवेल’ या छोट्या बोटी खुलना-मोंगलाच्या नद्यांमधून आत घुसल्या. होय, ‘पनवेल’ म्हणजे आपलंच पनवेल. या कामगिरीसाठी सामंतांना महावीर चक्र मिळालं. पुढे नव्याने जन्मलेल्या बांगलादेशाच्या नौदलाचे पहिले प्रमुख तेच झाले, अशी नोंद भारतीय नौदलाने ‘करंज’च्या माहितीत केली आहे.

म्हणजे एका पाणबुडीतून दोन नौदलप्रमुख निघाले. एक बांगलादेशाचा, एक भारताचा.

१९७१ : दिसायचं नाही, पण तिथेच राहायचं

पाणबुडीचं युद्धातलं काम गावातल्या राखणदारासारखं असतं. तो कुठे बसला आहे हे चोराला कळत नाही, पण तो आहे हे माहीत असतं, म्हणून चोर बिचकतो.

१९७१ च्या नोव्हेंबरमध्ये ‘कुरसुरा’ अरबी समुद्रात गस्तीवर होती. ३० नोव्हेंबरला तिची ‘करंज’शी समुद्रातच भेट झाली. जमवलेली माहिती ‘करंज’ला देऊन ‘कुरसुरा’ ४ डिसेंबरला मुंबईला परतली. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी युद्ध पेटलं, तेव्हा शेखावतांची ‘करंज’ समुद्रातच होती.

‘कुरसुरा’ला त्या वेळी दिलेले हुकूम पाहिले तर पाणबुडीच्या कमांडरचं काम किती नाजूक असतं ते कळतं. ठरवून दिलेली रेषा ओलांडायची नाही. ओळख पक्की पटल्याशिवाय जहाजावर हल्ला करायचा नाही. आता विचार करा. पेरिस्कोपमधून काही क्षण दिसलेलं जहाज शत्रूचं आहे, की परदेशी व्यापाऱ्याचं, की मच्छीमारांचं, हे ठरवायचं कोणी? कमांडरने. विचारायला वर फोन लावायची सोय नाही, कारण संदेश पाठवला की आपली जागा शत्रूला कळू शकते.

चुकलं तर काय होतं, तेही त्याच युद्धात दिसलं. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमजवळ आपल्या सगळ्या माणसांसकट बुडाली. आणि ९ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने दीवजवळ आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, जहाजाबरोबरच गेले. एकीकडे पाणबुडीच बुडाली, दुसरीकडे एका पाणबुडीने मोठं जहाज बुडवलं. पाण्याखालच्या लढाईत मधला रस्ता नसतो.

अशा दिवसांत शत्रूच्या समुद्रात गस्त घालून ‘करंज’ सुखरूप परतली. शेखावतांना वीर चक्र मिळालं. तिथून नौदलप्रमुख व्हायला आणखी २२ वर्षं लागली.

पाणबुडी चालते तरी कशी?

‘करंज’सारख्या पाणबुडीत डिझेल इंजिन असतं आणि बॅटऱ्या असतात. शेतावरच्या डिझेल पंपाला जशी हवा लागते, तशी या इंजिनालाही लागते. म्हणून पाण्याखाली खोल असताना इंजिन चालवता येत नाही. तिथे पाणबुडी बॅटरीवर चालते, घरातल्या इन्व्हर्टरसारखी. बॅटरी उतरली की पृष्ठभागाजवळ यायचं, एक नळी पाण्यावर काढायची, हवा आत घ्यायची, इंजिन चालवून बॅटरी भरायची आणि परत खाली जायचं. धोका नेमका तेव्हाच असतो. नळी दिसू शकते, इंजिनाचा आवाज ऐकू जाऊ शकतो.

नव्या ‘करंज’च्या वर्गातल्या पाणबुडीत बॅटरीचे ३६० सेल आहेत, एकेक सुमारे ७५० किलोचा. लांबी साधारण ६७ मीटर. तेवढ्यात टॉर्पेडो, क्षेपणास्त्रं, यंत्रं, स्वयंपाकघर आणि सुमारे ४३ माणसं. ८ अधिकारी आणि ३५ नौसैनिक. ऊन नाही, वारा नाही, मोबाइल नाही. पाणी जपून वापरायचं. बाहेर दिवस आहे की रात्र, ते फक्त घड्याळावरून कळतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जहाजावर एखाद्याची चूक झाली तर ती सावरायला वेळ मिळू शकतो. पाणबुडीत एकाने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला तर ४३ घरांवर संकट येतं. म्हणूनच तिथे वर चढायचे नियम वेगळे आहेत.

पायरी पायरीने : सब लेफ्टनंट ते ॲडमिरल

नौदलात अधिकाऱ्यांची पदं खालून वर अशी असतात : सब लेफ्टनंट, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर, कॅप्टन, कमोडोर, रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल आणि सगळ्यांत वर ॲडमिरल, म्हणजे नौदलप्रमुख.

आजच्या नियमांत कमांडरपर्यंतची बढती ठरावीक वर्षं, परीक्षा आणि चांगला रेकॉर्ड यावर मिळते. कॅप्टनपासून पुढे निवड होते. बोर्ड बसतं, सगळ्यांचं काम तपासतं आणि मोजक्यांनाच वर घेतं. हे झालं खांद्यावरच्या पट्ट्यांचं. पाणबुडीवाल्याला याशिवाय आणखी वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात.

पहिली पायरी, स्वतःहून पुढे येणं. अधिकारी झाल्यावर आधी जहाजावर काम शिकायचं. मग पाणबुडीसाठी नाव द्यायचं. मन आणि शरीर दोन्ही तपासतात. बंद जागेची भीती असलेल्याचं हे काम नाही.

दुसरी पायरी, शाळा. विशाखापट्टणमला ‘आयएनएस सातवाहन’ ही पाणबुडीवाल्यांची शाळा आहे. तिथे कित्येक महिने शिक्षण चालतं. अडकलेल्या पाणबुडीतून बाहेर कसं पडायचं, याचाही सराव होतो. नव्या पाणबुड्यांसाठी २०२४ मध्ये तिथे ‘विनेत्र’ नावाची खास सोय सुरू झाली.

तिसरी पायरी, डॉल्फिनचा बिल्ला. शाळा संपली म्हणजे झालं नाही. प्रत्यक्ष पाणबुडीवर राहून तिची प्रत्येक नळी, प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक बटण पाठ करायचं. अंधारात, धुरात, हाताने चाचपून सापडलं पाहिजे. परीक्षा पास झाली की छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागतो. त्या दिवसापासून तो माणूस पाणबुडीवाला. अधिकारी असो की नौसैनिक, बिल्ला मिळवल्याशिवाय कोणी आपला मानत नाही.

चौथी पायरी, विभाग सांभाळणं. शस्त्रं, दिशादर्शन, संदेशवहन अशी कामं करत अधिकारी पुढे पाणबुडीचा ‘एक्सओ’ होतो. म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा माणूस. घरातल्या मोठ्या सुनेसारखं काम. सगळं तिनेच बघायचं, पण शेवटचा शब्द मात्र तिचा नाही.

पाचवी पायरी, कमांडची परीक्षा. ही सगळ्यांत अवघड. पाणबुडी हातात देण्याआधी खास अभ्यासक्रम असतो. उमेदवाराने पाणबुडी चालवायची, वरून जहाजं त्याचा माग काढत धावून येतात, वेळ सेकंदांत मोजायची आणि निर्णय त्यानेच घ्यायचे. शिक्षक बाजूला उभे राहून फक्त पाहतात. धोका दिसला तरच हातात घेतात. ब्रिटिश नौदलातल्या अशाच अभ्यासक्रमाला ‘पेरिशर’ म्हणतात. तिथे नापास झालेला अधिकारी पुन्हा पाणबुडीत जात नाही. दुसरी संधी नाही.

कारण सरळ आहे. तिथे हुशारी, नम्रता, नोकरीची वर्षं हे सगळं तपासून झालेलं असतं. शेवटी एकच गोष्ट बघायची उरते. सगळे त्याच्याकडे बघत असताना या माणसाचं डोकं थंड राहतं का?

सहावी पायरी, किनारा आणि ताफा. पाणबुडीची कमांड केलेला अधिकारी पुढे मोठ्या जहाजाची कमांड, मुख्यालयातली कामं, प्रशिक्षण संस्था अशा जागी जातो. पूर्व आणि पश्चिम विभागाच्या पाणबुड्यांवर कमोडोर दर्जाचा अधिकारी असतो. सगळ्या पाणबुडी शाखेचं प्रशिक्षण, सुरक्षितता, कामाची पद्धत बघणारा ‘फ्लॅग ऑफिसर सबमरीन्स’ हा ॲडमिरल दर्जाचा अधिकारी विशाखापट्टणमला बसतो. त्याही वर नौदलाच्या विभागांचे प्रमुख, उपप्रमुख आणि शेवटी एक खुर्ची. नौदलप्रमुखांना तीन वर्षं किंवा वयाची ६२ वर्षं, यातलं जे आधी होईल तेवढा काळ मिळतो. शेखावत १९९३ ते १९९६ अशी तीन वर्षं प्रमुख होते.

पाणबुडीवाले वर कमी का दिसतात?

हिशोब साधा आहे. नौदलात युद्धनौका भरपूर, पाणबुड्या मोजक्या. म्हणजे पाणबुडीवाले अधिकारीही थोडे. वरच्या एका खुर्चीसाठी तोफखाना, दिशादर्शन, संदेशवहन, विमानं अशा सगळ्या शाखांतले अधिकारी रांगेत असतात. त्यात वयाचं, नोकरीच्या वर्षांचं गणित जुळावं लागतं. योग्य माणूस योग्य वर्षी योग्य जागेवर असावा लागतो. म्हणून कितीतरी उत्तम पाणबुडीवाले कॅप्टन किंवा कमोडोर म्हणून निवृत्त होतात. त्यात अपयश काही नाही. ज्याने पाणबुडीची कमांड केली, त्याने नौदलातली एक अवघड जबाबदारी पार पाडलेली असते.

वर गेलं की जबाबदारी कमी होत नाही

मोठा साहेब झालं की एसी खोलीत बसायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. दोन घटना आठवल्या की हा समज जातो.

१४ ऑगस्ट २०१३. मध्यरात्र उलटून गेलेली. मुंबईच्या नौदल गोदीत उभ्या असलेल्या ‘आयएनएस सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले आणि ती जागेवरच बुडाली. आतले १८ जण गेले. युद्ध नव्हतं, शत्रू नव्हता, पाणबुडी धक्क्याला बांधलेली होती.

त्यानंतर सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ रोजी, मुंबईजवळच्या समुद्रात ‘आयएनएस सिंधुरत्न’मध्ये धूर भरला. पश्चिम विभागाच्या पाणबुड्यांचे प्रमुख असलेले कमोडोर तपासणीसाठी स्वतः त्याच पाणबुडीवर होते. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार हे दोन तरुण अधिकारी आगीशी झुंजताना गेले. पाणबुडी आणि बाकीची माणसं वाचली. दोघांना मरणोत्तर शौर्य चक्र देण्यात आलं.

त्याच दिवशी तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. ते स्वतः पाणबुडीवर नव्हते. बॅटरी त्यांनी बसवली नव्हती. व्हॉल्व्ह त्यांनी फिरवला नव्हता. तरीही खुर्ची सोडली.

सब लेफ्टनंटची चूक त्याच्या विभागापुरती असते. कमांडरची जबाबदारी पाणबुडीभर असते. प्रमुखाची जबाबदारी प्रत्येक पाणबुडीची, प्रत्येक घराची. पट्टे वाढतात तसा भारही वाढतो.

गावातल्या मुला-मुलींनी काय करायचं?

अधिकारी व्हायचा सगळ्यांत ओळखीचा रस्ता म्हणजे एनडीए, पुण्याजवळ खडकवासल्याला. त्याची माहिती अशी :

• परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस.

• नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित हवं. बारावीला शिकत असतानाही फॉर्म भरता येतो. दहावीनंतर आर्ट्स-कॉमर्स घेतलं तर एनडीएतून नौदलात जायचं दार बंद होतं. हे आधीच लक्षात ठेवा.

• लेखी परीक्षा ९०० गुणांची : गणित ३००, सामान्य ज्ञान व इंग्रजी ६००. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नसतो. म्हणून मराठी माध्यमाच्या पोरांनी आठवी-नववीपासूनच इंग्रजी वाचायची सवय लावावी.

• नंतर एसएसबीची मुलाखत, तीही ९०० गुणांची, पाच दिवसांची. गटात काम करणं, बोलणं, अडचणीत निर्णय घेणं हे सगळं बघतात. मग वैद्यकीय तपासणी. नजर आणि रंग ओळखणं नीट हवं.

• फॉर्मची फी १०० रुपये. मुलींना आणि एससी-एसटी उमेदवारांना माफ. निवड झाल्यावर शिक्षणाचा खर्च सरकार करतं.

• २०२२ पासून एनडीएत मुलीही प्रशिक्षण घेत आहेत.

बारावीनंतर जेईई मेनच्या गुणांवर नौदलात बी.टेक. प्रवेशाचा रस्ताही आहे. हे शिक्षण केरळमधल्या एझिमला इथल्या नौदल अकादमीत होतं. इंजिनीअरिंग झाल्यावर सीडीएस आणि इतर मार्ग आहेत. एक बारकावा : पाणबुडीवर इंजिनीअर आणि इलेक्ट्रिकल शाखेचे अधिकारीही असतात, पण पाणबुडीची कमांड एक्झिक्युटिव्ह शाखेच्या अधिकाऱ्याकडेच जाते. ज्याला कॅप्टन व्हायचं आहे, त्याने शाखा निवडताना हे बघावं.

तयारीसाठी आपल्या राज्यात सातारची सैनिक शाळा आहे, छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी सरकारी सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था आहे आणि नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था सुरू झाली आहे.

आणि एक सावधगिरी. ‘साहेबांची ओळख आहे, दोन लाख द्या, पोराला आत घालतो,’ असं कोणी म्हणालं तर सरळ पोलिसांत जा. एसएसबीत ओळख चालत नाही. आणि पुढच्या डॉल्फिनच्या बिल्ल्याला तर नाहीच नाही.

पुन्हा ‘करंज’

१९६९ मध्ये रीगाच्या बंदरात एक तरुण अधिकारी नव्या पाणबुडीच्या ताफ्यात होता. दोन वर्षांनी तीच पाणबुडी घेऊन तो युद्धात गेला. चोवीस वर्षांनी नौदलप्रमुख झाला. आणि ५२ व्या वर्षी, मुंबईत, त्याच नावाची दुसरी पाणबुडी दाखल होताना तो प्रमुख पाहुणा म्हणून उभा राहिला.

त्या दिवशी नव्या ‘करंज’वरही आठ अधिकाऱ्यांचा नवा ताफा होता. त्यातला कोणी पुढे ॲडमिरल होईल की नाही, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. पण त्याच्या छातीवर डॉल्फिनचा बिल्ला आहे आणि आजूबाजूच्या चाळीसेक माणसांनी त्याच्या भरवशावर पाण्याखाली जायचं ठरवलं आहे. करंजाच्या कोळीवाड्यातला माणूस तांडेलावर विसंबून जसा बोटीत पाय ठेवतो, तसंच हे आहे. तांडेल व्हायला वय पुरत नाही. समुद्र ओळखावा लागतो आणि बोटीवरच्या प्रत्येकाला घरी परत आणावं लागतं.